स्वतःच्या चाकांवर

यंत्रांनाही मानापमान असतो असं मनापासून मानणारा माणूस अंबरनाथ-बदलापुरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. मिक्सर दोनदा फिरला की ते सासूबाईंना म्हणतात, "आता त्याला जरा बसू दे." शेअर रिक्षात बसले की आधी इंजिनाची चौकशी करतात. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला शिरगावला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी पगार, घर काही न विचारता एवढंच विचारलं, "मोटारसायकलच्या चेनला तेल कधी देता?" मी म्हणालो, "आठवण झाली की." ते आत जाऊन मुलीला म्हणाले, "पोरगा खरं बोलतो, पण लक्ष ठेवावं लागेल." ती आजही ठेवते.

त्यांचा खरा जीव मात्र त्यांच्या जुन्या मोटारगाडीत. यंदा डॉक्टरांनी सांगितलं, नजर अधू झालीय, गाडी चालवणं बंद. पावसाळाभर ती बिल्डिंगमागे उभी राहिली. चालवायला घेणारं कोणी मिळेना, तेव्हा माझ्या बायकोने जवळच्या कॅम्प तीन वस्तीतल्या भंगारवाल्या शेठला बोलावलं. त्या दिवशी सासरे नीट जेवले नाहीत.

शेठने टेम्पोतून उतरून गाडी ढकलून पाहिली, तर मागचं एक चाक हलेना. ओढून ठेवलेला हँडब्रेक पावसाने गंजून आतल्या आत धरला होता. शेठ म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, अंकल. साखळी बांधून खेचून नेतो. वैसे भी काटनी ही है."

"फरफटत नाही जाणार ती," सासरे म्हणाले. "स्वतःच्या चाकांवर जाईल. तुम्ही चहा घ्या."

पुढच्या चाकांना विटा लावून त्यांनी मागची बाजू जॅकवर घेतली, चाक उतरवलं आणि ब्रेकच्या ड्रमला कडेकडेने हातोडीने हलकेच ठोकायला लागले. दिसत कमी होतं, म्हणून बोटांनी चाचपून, कान लावून. मी जोर लावायला पुढे झालो तर म्हणाले, "मारू नका जावईबापू, समजवा." गंजलेल्या केबलला तेल पाजलं, पुन्हा ठोकलं. दुसऱ्या चहानंतर शेठही बाह्या सरसावून शेजारी बसला. शेवटी आतून टक्‌ आवाज आला आणि ड्रम फिरला. एवढ्यावर भागलं असतं, पण त्यांनी ड्रम उतरवून आतले ब्रेक-शू पॉलिश पेपरने घासून, पुसून सगळं जागच्या जागी बसवलं. उद्या जिचे तुकडे व्हायचे तिचे ब्रेक कोण घासून देतं? मला त्या वेळी त्यांचं हसू यायला हवं होतं. आलं नाही. वाटलं, या माणसाच्या घरात आपण जावई म्हणून आलो हे आपलं नशीब.

टेम्पोच्या बॅटरीवर गाडी सुरू केली. टेम्पो तिथेच ठेवून शेठ स्वतः चालवायला बसला. सासरे टपावर हात ठेवून फाटकापर्यंत चालत गेले आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "शेठ, तिकडे गेल्यावर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा. नाहीतर परत धरेल."

शेठने माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाला, "नाही ओढणार, अंकल. गिअरमध्येच ठेवीन."

गाडी वळली. तेवढ्या लांबचं सासऱ्यांना दिसत नाही, तरी ते गिअर बदलल्याच्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. आवाज येईनासा झाला तेव्हा म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा."