हे मैदान धरायचं का?

क्लिफर्ड ऍस्पिनॉल आमच्या शेजारी राहायला आला त्याला तीसेक वर्षं झाली. या तीसेक वर्षांत शनिवारी दुपारी तो घरी सापडल्याचं मला आठवत नाही. त्याची बायको ईडिथ आता नाही. ती म्हणायची, माझी दोन्ही बाळंतपणं मंगळवारी झाली म्हणून निभावलं. क्लिफर्डची नोकरी गॅसचे मीटर वाचायची. आठवडाभर लोकांच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटांत डोकं घालून आकडे टिपायचे, आणि शनिवार आला की मैदानं करायची.

मैदानं करायची म्हणजे काय, तर आपल्याकडे लोक किल्ले करतात तसं. टीव्हीवर दिसतात ती कोट्यधीश खेळाडूंची स्टेडियमं नव्हेत. त्याच्या कितीतरी पायऱ्या खाली, जिथं गोलकीपर आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करतो आणि कप्तान शाळेत भूगोल शिकवतो, असल्या फुटबॉल क्लबांची मैदानं. एका बाजूला पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी मेंढरं. कोण जिंकलं याच्याशी या मंडळींना फारसं देणंघेणं नसतं. मैदान पाहिलं, धरलं, म्हणजे आपल्या यादीत मोजलं, की पुढचं.

धरण्याचे नियम मात्र प्रत्येकाचे निराळे, आणि देवधर्मापेक्षा कडक. गोल झाला नाही तर काहीजण ते मैदान धरत नाहीत. सामन्याची छापील पुस्तिका मिळाली नाही तर काहीजण रडकुंडीला येतात. क्लिफर्डचा जिवलग ट्रेवर लोमॅक्स, याला सामन्याच्या चेंडूला एकदा हात लावल्याशिवाय चैन पडत नाही, आणि त्यासाठी तो सत्तरी उलटल्यावरही झुडपांत घुसतो. क्लिफर्डचा नियम साधा. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सामना डोळ्यांनी पाहिला, तर मैदान धरायचं. एकदा अपेंडिक्स ठणकत असताना तो शेवटच्या शिट्टीपर्यंत कठड्याला धरून उभा राहिला आणि मग इस्पितळात गेला. मी त्याला तेव्हा मूर्ख म्हटलं होतं. आजही म्हणते.

गेल्या वर्षी त्याचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत. नजरेच्या बरोबर मधोमध राखी डाग आला. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. ट्रेवरला त्यानं सांगितलं, गिअरबॉक्स गेलाय. आता कुणाचा गिअरबॉक्स वर्षभर जातो? खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण इस्पितळात त्याला नेणं-आणणं मीच करत होते, आणि मग शनिवारचं नेणं-आणणंही माझ्याच गळ्यात पडलं. फुटबॉल मला कळतो, आवडत नाही. पण जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यावर घरी बसून भिंतींना काय शिकवणार?

यंदाच्या गुड फ्रायडेला क्लिफर्डची आमच्या भागातल्या क्लबांच्या लीगमधली शेवटची तीन मैदानं उरली होती. दरवर्षी त्या दिवशी लीगवाले सामन्यांच्या वेळा मुद्दाम मागेपुढे ठेवतात, म्हणजे ही फिरस्ती मंडळी सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक असे तीन सामने गाठू शकतात. तीन मैदानं झाली की लीग पूर्ण. पूर्ण करणाऱ्याला लीगचे चिटणीस मैदानाच्या मधोमध नेतात आणि गळ्यात लीगची मफलर घालतात. क्लिफर्डला ती मफलर हवी होती. पोराला पतंग हवा असतो तशी हवी होती.

"डाग वाढलाय तुझा, आज बघणार कसं?" गाडीत मी विचारलं.

"तू रस्त्याकडे बघ, मास्तरीणबाई."

"मला रस्ता दिसतोय. तुझं विचारतेय."

"मान तिरकी केली की कडेनं दिसतं थोडं."

"आणि नाही दिसलं तर? धरणार?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर त्याला काय दिसत होतं देव जाणे. "संध्याकाळी ठरवू," म्हणाला.

"निदान ट्रेवरला तरी सांग."

"ट्रेवरला सांगितलं की सगळ्या परगण्याला कळतं."

पहिल्या, कर्कशॉच्या मैदानावर ट्रेवर फाटकातच उभा होता. टोपीवर इतके बिल्ले की मान वाकलेली. "काय रे, गिअरबॉक्स काय म्हणतोय? बाई, तुम्ही याला फुकट फिरवता होय? मीटर लावा मीटर! आयुष्यभर लोकांचे वाचलेत यानं!"

सामना सुरू झाला. क्लिफर्ड कोंबडीसारखी मान वाकडी करून उभा. गलका झाला की टाळी वाजवायचा, सगळ्यांच्या जराशी मागून. एक गोल झाला तेव्हा ट्रेवरनं विचारलं, "कुणी मारला रे? नऊ नंबरनं की अकरानं?"

"तुला काय वाटतं?"

"नऊ."

"मलाही तेच वाटलं."

गोल चार नंबरनं मारला होता. मी पाहिलं होतं. ट्रेवर त्या वेळी शेडचं छप्पर न्याहाळत होता. यांच्यातले अर्धे लोक सामना बघतच नाहीत, ही गोष्ट माझ्या तेव्हा ध्यानात आली. पण ते त्यांचं ते. क्लिफर्डचा नियम डोळ्यांनी पाहण्याचा होता.

दुसरं मैदान ओल्डब्रिग. दुपारचं ऊन, गार वारा. क्लिफर्ड कठड्याशी चहाचा पेला घेऊन उभा होता, शेजारी ट्रेवर, मागे मी. बचावातल्या एका दांडगटानं चेंडू जोरात बाहेर भिरकावला. तो सरळ आमच्याच दिशेनं आला. ट्रेवर खाली वाकला, मी बाजूला झाले, आजूबाजूचे ओरडले, "सांभाळा!" क्लिफर्ड चेंडूकडे तोंड करून शांत उभा. चेंडू थाडकन छातीवर बसला. चहा उडाला, टोपी गेली, आणि तो मटकन खाली बसला.

आधी लोक हसले. मग हसू विरत गेलं. समोरून येणारा चेंडू बघूनही पापणी न हलवणारा माणूस कुणी पाहिलेला नव्हता.

ट्रेवरनं त्याला हाताला धरून उठवलं. "लेका, तुला दिसला नाही?"

क्लिफर्ड अंगावरचा चहा झटकत होता. जिथं सांडला नव्हता तिथंच झटकत होता.

"क्लिफ. दिसला नाही तुला?"

"नाही."

"सकाळचा सामना?"

"ऐकला."

ट्रेवरचा चेहरा रडवेल्या पोरासारखा झाला. "आणि मी तुझ्यासाठी मेकॅनिक शोधून ठेवलाय!" तो ओरडला. "गिअरबॉक्ससाठी! दोनदा चहा पाजला मी त्याला!"

सामना संपल्यावर चहाच्या खिडकीपाशी रीतसर पंचायत बसली. ट्रेवर होता, आणखी एक जुना फिरस्ता रेज नटॉल होता, आणि खिडकीत पाय अन् वाटाणे वाढणारी ब्रेंडा होती. पाय म्हणजे मांस भरलेली जाड कचोरी समजा. ब्रेंडानं क्लिफर्डला न विचारता दोन दिल्या.

"धरायचं," ट्रेवरनं निकाल दिला. "तिन्ही धरायची. ब्लॅकरिगचं धुकं आठवतंय? स्वतःचे बूट दिसत नव्हते. दुसरा गोल झाला ते आपल्याला घरी गेल्यावर कळलं. धरलं की नाही सगळ्यांनी?"

"धुकं रेफरीलाही होतं," क्लिफर्ड म्हणाला. "सगळ्यांना सारखं."

"मी मॉसगेटला अख्खा उत्तरार्ध झोपलो होतो," रेज म्हणाला. "धरलंय मी. बिनधास्त."

"तू स्वतःच्या लग्नातही झोपलास," ब्रेंडा आतून म्हणाली. "बायको धरलीस ना?"

"मग! झोपलेल्याचं चालतं तर याचं का चालू नये?"

"रेज, तू डोळे उघडले असतेस तर तुला दिसलं असतं," क्लिफर्ड म्हणाला.

रेजनं आपल्या वाट्याचे वाटाणे क्लिफर्डच्या ताटलीत ओतले. समजूत घालायची त्याची पद्धत ती.

"हे बघ," ट्रेवर म्हणाला, "संध्याकाळी मी तुझ्या कानाशी उभा राहतो. जे जे होईल ते सांगतो. माझे डोळे ते तुझे डोळे. मग तर झालं?" आणि जरा थांबून, "मी सकाळीच चिटणिसांना सांगून ठेवलंय. ते मफलर घेऊन येताहेत."

क्लिफर्डनं हातातली कचोरी ताटलीत ठेवली. "सांगून ठेवलंस?"

"मला काय माहीत होतं? माझ्या मते तुझा गिअरबॉक्स गेला होता!"

तिसरं मैदान हेदरक्लफचं, टेकडीच्या उतारावर. दिवे लागले होते आणि गर्दी बरीच होती. सामना सुरू व्हायच्या आधी कर्ण्यावरून घोषणा झाली, की आज लीगमधली सगळी मैदानं पूर्ण करणारे श्री. क्लिफर्ड ऍस्पिनॉल आपल्यात आहेत, सामन्यानंतर त्यांचा सत्कार होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओळख ना पाळख, तरी चारजणांनी येऊन पाठ थोपटली. चिटणीस हात हलवत होते, त्यांच्या पिशवीतून मफलरचं लाल टोक बाहेर आलेलं. क्लिफर्ड सगळ्यांना मान डोलवत होता, पण कठडा काही सोडत नव्हता.

ट्रेवरनं शब्द पाळला. बिचाऱ्यानं जन्मात कधी सामन्याचं वर्णन केलं नव्हतं.

"चेंडू डावीकडे. निळ्यांकडे. त्या उंच पोरानं... नाही, ठेंगण्यानं... दिला पुढे. अरे, कोपऱ्यातला दिव्याचा खांब लाकडी आहे बघ!"

"चेंडू, ट्रेवर."

"बाहेर गेला."

"कुठून?"

"मी खांब बघत होतो रे."

क्लिफर्ड हसला. त्या दिवसातलं पहिलं हसू. ट्रेवरला हुरूप आला, तो घसा बसेपर्यंत सांगत राहिला. एक गोल इकडे झाला, एक तिकडे. उत्तरार्धात रेजसुद्धा दुसऱ्या कानाशी येऊन उभा राहिला, आणि दोघं दोन वेगळेच सामने सांगू लागले. ट्रेवरच्या सामन्यात निळ्यांवर अन्याय होत होता, रेजच्या सामन्यात तेच गुंड होते. पण दोघंही घामाघूम होऊन त्या माणसाला सामना दाखवायचा प्रयत्न करत होते, आणि मला उगीचच रुमाल शोधावा लागला. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंच टेकडीवर.

शेवटची दहाएक मिनिटं उरली असतील. चिटणीस पिशवी उघडून आमच्या बाजूला येऊ लागले. क्लिफर्डनं कठडा सोडला आणि मागे वळला.

"मास्तरीणबाई, गाडी काढ."

"आत्ता? संपतच आलाय."

"म्हणूनच."

तो माझ्या कोपराला धरून गर्दीतून निघाला. फाटकावरच्या पोरीनं अडवलं, "आजोबा, बाहेर गेलात तर परत आत येता यायचं नाही हं. आणि सत्कार तुमचाच ना?"

"येत नाही परत," क्लिफर्ड म्हणाला, आणि फिरतं फाटक ढकलून बाहेर पडला.

ट्रेवर धापा टाकत मागून आला आणि फाटकाच्या आतच थबकला. एक पाऊल बाहेर पडलं तर त्याचंही मैदान बुडालं असतं. तो जाळीला धरून उभा राहिला.

"दहा मिनिटं, क्लिफ! दहा मिनिटं कुणीही काढतं! तू अपेंडिक्स घेऊन काढलीस!"

"शिट्टी वाजू दिली असती, तर तुम्ही सगळ्यांनी मिळून ती मफलर माझ्या गळ्यात घातली असती."

"मग घालू दे की! कोण विचारतंय?"

"मला हवीय रे ती," क्लिफर्ड म्हणाला. "घातली असतीत तर मला नाही म्हणवलं नसतं. आता प्रश्नच मिटला. सामना पुरा पाहिला नाही, मैदान धरायचं नाही. डोळ्यांचा संबंध नाही त्यात."

ट्रेवरचा एक पाय बाहेर टाकायला उचलला गेला होता, खोटं कशाला सांगू.

"आत जा," क्लिफर्ड म्हणाला. "कोपऱ्यातला खांब बघत बसशील, तेवढ्यात चेंडूला हात लावायचा राहील तुझा."

उतारावरून गाडी खाली आणली. असल्या वेळी सांत्वन करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. वर टेकडीवर मोठा गलका झाला.

"गोल असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला, आणि काच वर केली.

गावातलं तळलेल्या माशांचं आणि बटाट्याच्या फोडींचं दुकान उघडं होतं. गुड फ्रायडेला सगळा गाव मासे खातो. सामना सुटला की तिथं रस्त्यापर्यंत रांग लागते, आणि क्लिफर्डनं असल्या रांगांत आयुष्य काढलं होतं. आता आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. तो भांबावल्यासारखा काउंटरसमोर उभा राहिला.

"रांग कुठाय?" त्यानं मला विचारलं.

"मैदानावर आहे अजून."

"असं होय!" तो म्हणाला. मग मोठा मासा मागितला, वर व्हिनेगर जास्त, आणि खिडकीजवळचं बाक बळकावलं.

आमचं निम्मं खाऊन झालं तेव्हा ट्रेवर आला. रांगेत उभा न राहता सरळ आमच्या बाकावर येऊन बसला, क्लिफर्डच्या कागदातल्या चार फोडी उचलून तोंडात टाकल्या.

"चिटणीस काय म्हणाले?" क्लिफर्डनं विचारलं.

"मी म्हटलं, पोट बिघडलं."

"म्हणजे गिअरबॉक्सच की."

ट्रेवर हसला नाही. "पुढच्या शनिवारी काय?" त्यानं विचारलं. विचारताना तो क्लिफर्डकडे बघत नव्हता, बटाट्यांकडे बघत होता.

क्लिफर्डनं माशाचा काटा चाचपून बाजूला काढला. "येईन की. पण धरायला नाही. कंटाळा आला तर उठेन मध्येच. थंडी वाजली तर आत जाऊन बसेन. आणि तू मला छपरं, खांब, काय दिसेल ते सांग. चेंडूचं तुला जमत नाही."

"माझं वर्णन चांगलंच होतं!"

"तुझ्या वर्णनात बारा खेळाडू होते निळ्यांचे."

"सकाळी साडेनऊला निघू," ट्रेवर म्हणाला. "लांब आहे ते मैदान."

"नऊला निघू," क्लिफर्ड म्हणाला. "वाटेत न्याहारी करू."

मी म्हटलं, मलाही विचारा कुणीतरी, गाडी माझी आहे.