सिस्टरना न निघालेला डाग

घर विकून जाताना ते किती साफ करावं, याबद्दल माझं मत सरळ आहे. केर काढावा, नळ बंद आहेत का बघावं, किल्ली द्यावी आणि सुटावं. आमची भाड्याची खोली सोडताना मी एवढंच केलं होतं. कोपऱ्यात चार दोरे राहिले असतील, तर राहिले. मी शाळेचे गणवेश शिवते. बावीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईच्या घरात दोरे नाही सापडणार तर काय मोती सापडणार?

पण आम्हाला हे घर विकलेल्या बाईंचं मत निराळं होतं, आणि त्यांच्या त्या मतापायी माझा इथला पहिला महिना पार नासला.

त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. एकतीस वर्षं इस्पितळात नर्स, त्यातली निम्मी ऑपरेशन थिएटरमध्ये. बारीक चणीच्या, पांढरे केस कानापाशी कापलेले, बोलणं कमी. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, तो दोन वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. गुडघे जिना चढू देईनात, म्हणून घर विकून बहिणीच्या शेजारी तळमजल्यावर राहायला गेल्या. किल्ली देताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "येते हं."

त्या वळल्या न वळल्या तोच मी यांना म्हटलं, "येते काय येते? घर विकलंय ना?"

"अगं, म्हणायची पद्धत असते. निघताना 'जाते' कुणी म्हणतं का?" हे म्हणाले. हे बस चालवतात. दिवसभर लोकांशी हुज्जत घालून घरी आले की यांना जगातल्या सगळ्या बायका समंजस वाटतात, मी सोडून.

दार उघडून आत गेलो, तर घराला कसला वासच नाही. ना फोडणीचा, ना ओलीचा, ना बंद कपाटांचा. सासूबाईंनी पायपुसण्यावर दोनदा पाय पुसले. आमच्या जुन्या खोलीत त्यांनी कधी एकदासुद्धा पुसले नव्हते. मी बघत सुटले. दिव्यांची बटणं पुसलेली. पंख्याची पाती पुसलेली, तीही वरून! मोरीची जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासलेली. फळ्यांवर नवा कागद, एका रेषेत कापलेला. माझा जन्म कापड कापण्यात गेलाय, सरळ कशाला म्हणतात ते मला कळतं. बेसिनवर साबणाची कोरी वडी. आणि जागोजागी गोल अक्षरातल्या चिठ्ठ्या. "हा नळ अर्धाच फिरवा." "ही खिडकी वाऱ्यानं आपटते, कडी लावावी." बाल्कनीतल्या दोरीवर एक फडकं तेवढं विसरलं होतं. तेही चौकोनी, दोन बाजूंना दोन चिमटे लावून.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "याला घर म्हणतात."

"मग आजवर राहत होतात ते काय होतं?"

"ते शिवणाचं दुकान होतं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरं, एकदा म्हणाल्या आणि संपलं, असं नाही. मी ओट्यावर कढई ठेवली की "जपून गं, सिस्टरांनी ओटा कसा आरसा ठेवला होता." हे आंघोळ करून आले की "सिस्टरांनी टाइल्स कशानं घासल्या असतील गं?" कशानं म्हणजे? हातानं! मलाही दोन हात आहेत, पण ते दिवसभर कुणाच्या तरी पोराच्या चड्डीची शिवण घालत असतात, ते कुणी बघत नाही. बायकांना नवऱ्याबरोबर सवत येते म्हणतात. मला घराबरोबर आली, आणि ती पण साठी उलटलेली, गुडघे दुखणारी.

बाहेर तर विचारूच नका. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सामान पाठवायला पत्ता सांगायला लागले, तर तो म्हणाला, "कळलं, सिस्टरचं घर." मी म्हटलं, "आमचं घर." तो म्हणाला, "हो हो, तेच," आणि वहीत लिहिलं "सिस्टरचं घर". सही आमची, किल्ली आमची, आणि घर सिस्टरचं!

समोरच्या काकूंचं तर सुरू झालं की थांबायचं नाही. सिस्टरांनी त्यांच्या लेकीच्या बाळंतपणात काय काय केलं, सिस्टर कुणाच्या जखमा कशा बांधून द्यायच्या, सिस्टरांच्या घरात खुर्ची कधी इंचभर हलली नाही. "आणि नवऱ्याचं काय केलं हो त्यांनी! शेवटची दहा-अकरा वर्षं घड्याळजींना तर..."

"काकू, माझं दूध उतू जातंय," असं म्हणून मी दार लावून घेतलं. गॅसवर दूध नव्हतंच. खुर्च्या न हलवणाऱ्या बाईचं कौतुक आणखी किती ऐकायचं, पोटात मावेना.

मला काही फार नको होतं. माझ्या घरच्यांनी, निदान एकदा, या घराला माझं म्हणावं एवढंच. मी पण घासायला लागले. मशीन बंद ठेवून दोन दिवस घर घासलं, गणवेश उशिरा गेले, शाळेचा माणूस दारात येऊन बोलून गेला. आणि एवढं करून सासूबाई काय म्हणाल्या? "आता जरा सिस्टरांच्या वेळेसारखं दिसतंय." जळो ते दिसणं!

मग तिसऱ्या आठवड्यात देव पावला.

आतल्या खोलीपासून बाथरूमपर्यंत एक अरुंद पॅसेज आहे, अंधारा. आल्या दिवसापासून तिथे माझे कापडाचे तागे भिंतीला लावून उभे होते. ते हलवले, मोठा दिवा लावला, आणि बघते तर काय! उजव्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक पट्टा. तळव्याएवढा रुंद, मातकट काळा, तेलकट चकाकणारा. खोलीच्या दारापासून थेट बाथरूमच्या चौकटीपर्यंत, मध्ये कुठे तुटलेला नाही. बाकी सगळ्या भिंती साबणानं धुतलेल्या आणि ही अशी.

"सापडली!" मी एवढ्यानं ओरडले की सासूबाईंना वाटलं पाल सापडली.

दोघांना हाताला धरून आणलं. "बघा! ही तुमची सिस्टर! पंख्याची पाती वरून पुसते आणि डोळ्यांसमोरची भिंत तशीच! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा."

हे म्हणाले, "राहिलं असेल." सासूबाईंनी पट्ट्यावर हात ठेवला आणि तसाच फिरवत चार पावलं चालल्या. "राहू दे गं. इथे भिंत कशी गुळगुळीत झालीय. हाताला बरी लागते."

राहू दे? मी काकूंनाही बोलावून आणलं. काकूंनी पट्टा बघितला आणि हळूच त्याच्याकडे हात नेला. "अगं, तो तर..." एवढंच त्या म्हणाल्या.

"तो डाग आहे काकू. तुमच्या सिस्टरांना न निघालेला डाग. मी काढून दाखवते."

आणि काढला. रविवार अख्खा गेला. आधी साबण, मग सोडा. नुसता फिकट झाला, हटेना. मग यांना पॉलिश पेपर आणायला पाठवलं आणि गुडघ्यावर बसून इंच इंच घासला. खांदे भरून आले, नाकात चुना गेला. वरून पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. संध्याकाळी दिवा लावून बघितलं, तर तिथे काही होतं असं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. सासूबाईंना बजावलं, भिंतीला हात लावायचा नाही. हे बघून म्हणाले, "वा! सिस्टरांना जमलं नाही ते तुला जमलं." पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं गोड वाक्य यांच्या तोंडून निघालं नव्हतं. त्या रात्री मला छान झोप लागली.

आठ दिवसांनी दुपारी दार वाजलं. मी मशीनवर होते, सासूबाई पडल्या होत्या. दारात सिस्टर. जिना चढून धाप लागलेली, कठड्याला धरून उभ्या.

"पत्रपेटीची किल्ली पर्समध्ये राहिली होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं देऊन यावं."

एका किल्लीसाठी दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले? मी मनात म्हटलं, घर कसं ठेवलंय ते बघायला आलीय ही बया. ये, बघ! तोंडानं म्हटलं, "या ना, बसा."

त्या बसल्या. खाली फरशीवर निळ्या दोऱ्याचा तुकडा पडला होता, तो सवयीनं उचलला. मग आपलं घर नाही हे लक्षात आलं असावं. हळूच मशीनच्या कडेला ठेवला. मला तो दोराही झोंबला.

"पाणी देऊ?"

"नको. जरा हात धुऊन येऊ का?"

मला तर हेच हवं होतं. पॅसेजचा मोठा दिवा मीच लावला आणि त्यांच्या मागोमाग गेले. चेहरा बघायचा होता ना मला.

त्यांनी पॅसेजमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांचा उजवा हात आपोआप उठला, भिंतीला लागला आणि तिथेच थांबला. तळवा थोडा पुढे नेला, मागे आणला, काहीतरी चाचपडल्यासारखा. मग हात काढून त्यांनी तळव्याकडे बघितलं.

"इथे एक पट्टा होता," त्या म्हणाल्या.

"होता ना!" मी फुलून आले. "अख्खा रविवार घातला मी त्याच्यावर. साबण झाला, सोडा झाला, शेवटी पॉलिश पेपर. तुम्हाला निघाला नव्हता वाटतं?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "मला नाही निघाला."

मी हसणार होते. त्या भिंतीकडेच बघत होत्या.

"यांचा हात होता तो. डोळे गेले त्यांचे. घड्याळाची कामं करून करून आधी अंधुक झालं, मग काहीच दिसेना. अकरा वर्षं. मला ड्युटी असायची, दिवसभर एकटे घरात. खोलीतून बाथरूम आणि बाथरूममधून खोली, भिंतीला हात लावून. मी खुर्चीसुद्धा हलवायची नाही, अडखळतील म्हणून." थोडं थांबून म्हणाल्या, "जायच्या आदल्या दिवशी सगळं घर पुसून झालं. शेवटी इथे आले. फडकं ओलं केलं, पिळलं, भिंतीपर्यंत नेलं. तीनदा नेलं. मग तसंच बाल्कनीत वाळत टाकलं."

दोरीवरचं ते फडकं, दोन चिमट्यांचं. त्याच फडक्यानं मी पट्ट्याला साबण लावला होता.

"मला कुणी सांगितलं नाही हो," मी म्हटलं. खोटं होतं ते. काकू सांगत होत्या आणि मी त्यांच्या तोंडावर दार लावत होते.

"तुम्हाला कशाला सांगायचं? विकलेल्या घरात आपला डाग ठेवून जाणं बरं नव्हेच. चुकलंच माझं." त्यांनी नाकावरून रुमाल फिरवला. "छान निघालाय हो. काही राहिलं नाही. रंगाचेही दोन हात मारलेत, नाही?"

मी मान हलवली. त्या बाथरूममध्ये गेल्या, हात धुतले, नळ अर्धाच फिरवून बंद केला आणि आपल्या रुमालानं पुसला. बाहेर आल्या त्या पॅसेजच्या मधोमध चालत, दोन्ही हात पोटाशी धरून. पत्रपेटीची किल्ली मशीनवर ठेवली, निळ्या दोऱ्याशेजारी.

दारात चपला घालून माझ्याकडे वळल्या. "बरंय. जाते मी."

मी म्हटलं, "अहो सिस्टर, जाते काय? येते म्हणावं."

त्या हसल्या. "आता कशाला?" म्हणाल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

दार लावलं तर सासूबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं असणार. एरवी पाठीत धपाटा घातल्यासारखं बोलणारी बाई, त्या वेळी नुसती वळून आत गेली. त्याऐवजी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि खरं सांगू? तेव्हाही मला त्या बाईचा हेवाच वाटला. फळ्यांवरच्या कागदाचा नाही, पंख्याच्या पात्यांचा नाही. ज्याच्या हाताचा मळ पुसायला आपला हात धजू नये, असं माणूस तिला अकरा वर्षं सांभाळायला मिळालं होतं. मी यांच्या कॉलरचा मळ रोज शिव्या देत घासते. पोटात दुखायचं ते दुखलंच, आणि डोळेही भरून आले.

मग मी टॉर्च घेतला आणि पॅसेजमध्ये गेले. चौकटीच्या फटीत बघितलं, दाराच्या मागे बघितलं, खाली फरशीला गाल टेकून बघितलं. कुठे बोटभर तरी राहिला असेल, पॉलिश पेपर पोचला नसेल, तर सिस्टरना हाक मारून वर बोलावता येईल. अजून त्या खालच्या जिन्यावरच असतील.

काही राहिलं नव्हतं. इतकं स्वच्छ काम मी जन्मात कधी केलं नव्हतं.