आवणीतल्या बाया

आमचे हे, म्हणजे प्रज्ञेश, स्वस्थ बसतील तर शपथ! कंपनीतनं आले की चहा निवून जातो, आन् हे कोळसा घेऊन कागदावर कुणाची तरी पाठ काढत बसतात. आमच्या टाकवे गावात आवणीला, म्हंजे भातलावणीला, आमी बाया चिखलात वाकलेल्या, आन् हे बांधावर कागदावर कागद पालटत. "रेणुका, हलू नको!" म्हणे. आता भाताचं रोप लावणारी बाई हलणार न्हाई तर काय करणार, डोंबल?

लोणावळ्याच्या सारिका मॅडम रविवारी माणसं काढायला शिकवतात, पण चित्रं बघूनच वर्गात घेतात. ह्यांना तितं शिरायचंच होतं. आठवडाभर जेवणात लक्ष न्हाई, भाजी अळणी झाली तरी कळंना. मलाच धाकधूक. न्हाई घेतलं तर हा माणूस कोळसा फेकून देईल आन् घरात नुसत्या येरझाऱ्या घालील.

जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी घोळ घातला. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला स्वच्छतेचे मार्क असायचे, ते अजून डोक्यात. कागदावर रेघांचा नुसता गिचका, एकेकीला तीन-तीन पाठी. ते सगळं खोडरबरनं पुसलं आन् वरनं पेनानं एकच रेघ मारली. मीबी म्हणलं, आता कसं झ्याक दिसतंय!

आमी दोघं मोटारसायकलवरनं जाताना हे वाटेत थांबून थांबून चित्रांची पिशवी बघत होते. मॅडमनी एकेक कागद बघितला. "हात साफ आहे," म्हणाल्या. "पण ह्या बाया काम करत नाहीत, फोटोसाठी थांबल्यात. तुमच्या कोळशाच्या रेघा कुठं गेल्या?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. पिशवी आवरायला लागले. तळाला एक कागद दुमडलेला. "ते राहू द्या मॅडम, घाण झालंय, पुसायचं राहिलं," म्हणेपर्यंत मॅडमनी उलगडलासुद्धा.

वाकलेली बाई, पदर खोचलेला. चेहरा काढलेलाच न्हाई, हात नुसते सपासप ओढलेले. कंबरेपाशी मात्र कोळसा दाबून दाबून कागद फाटायला आलेला. मॅडमनी तितंच बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "कंबर दुखतेय हिची. रविवारपासून या. आणि पुसत जाऊ नका."

हे खुळ्यागत हसायला लागले. मला मात्र रडू फुटलं. पदर खोचायची ती तऱ्हा माझी, ती बाई मीच होते. आन् कंबर दुखते म्हणून मी ह्या माणसाला कधी सांगितलंच नव्हतं.