कापणीच्या गोळ्या

आमच्या आरोग्य केंद्रात आशा सेविका वनिताताईंना सगळे ‘वहीवाल्या बाई’ म्हणायचे. कौतुकाने नव्हे. महिन्याच्या बैठकीत त्यांनी वही उघडली की बाकीच्या आशा चहाकडे बघायच्या आणि मी घड्याळाकडे. मी त्यांचा पर्यवेक्षक. आता निवृत्त झालोय, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही.

विंझर गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. तिथे भाताची कामं इर्जिकीने होतात, आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. कोण कुणाच्या खाचरात किती दिवस उतरलं हे वनिताताई लिहून ठेवत, आणि पुढे ताप कुणाला आला तेही. उंदराच्या मुताने साचलेलं पाणी नासतं आणि लेप्टोचा ताप पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. तो येऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्या असतात. त्या आम्ही लावणीला वाटायचो. पण गेली तीन वर्षं दसरा उलटला तरी पाऊस हलत नव्हता. लोक घोटाभर पाण्यात भात कापत होते. वहीतला ताप लावणीकडून दिवाळीकडे सरकला होता.

“सर, गोळ्या कापणीला बी पायजेत,” त्या म्हणाल्या.

“आदेश लावणीचा आहे,” मी म्हणालो. दहावी शिकलेल्या बाईने मला ऋतू शिकवावेत, हे मला झोंबलं होतं.

मग परदेशातून एक मोठी संस्था आली. हवामान बदलतंय, माणसं आजारी पडतायत, तर जगाच्या आरोग्याचं नेतृत्व कुणी करायचं, याचा तिला शोध होता. तो वनिताताईंच्या ओसरीवर येऊन संपला. वहीचं पान न् पान फोटोत गेलं. नवरात्रात पुण्यातल्या हॉटेलात परिषद भरली, वीस-पंचवीस देशांचे पाहुणे आले. बोलायला उभं केल्यावर वनिताताईंनी भाषण केलंच नाही. म्हणाल्या, “आमच्याकडं आठ दिवसांत कापणी लागंल. तवर गोळ्या पायजेत.” दुभाष्याने ते सांगितलं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. एका गोऱ्या बाईंचे डोळे भरून आले.

वनिताताईंच्या ग्रामसभेत टाळ्या पडल्या की ठराव मंजूर धरतात. त्यांनीही तसंच धरलं. परत आल्या त्या गोळ्या येणार असं घरोघर सांगतच. शेजारच्या धनाजीची बायको मंगल, दोन लेकरांची आई, पायांना भेगाच भेगा. तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, “येतायत गं. समद्या सायबांनी व्हय म्हणलंय.”

कापणीच्या आदल्या दिवशी वनिताताई माझ्याकडे आल्या. माझ्या पाठीमागच्या कपाटात लावणीतून उरलेल्या चारशे गोळ्या होत्या. त्यांना ते ठाऊक होतं, मोजून त्यांनीच ठेवल्या होत्या.

“ह्या तेवढ्या द्या सर. तिकडनं आल्या की भरून ठिवू.”

“आता तर सगळं जग तुमचं ऐकतंय,” मी म्हणालो. “मागा की तिकडे.”

बोलल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

पिकलेलं भात कुणासाठी थांबत नाही. मंगल पाच दिवस चार घरच्या खाचरांत उतरली. पुढच्या आठवड्यात तापली, डोळे पिवळे झाले, लघवी बंद पडली. पुण्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. जावं लागतं. धनाजी ओसरीत भिंतीला टेकून बसला होता, वनिताताई समोर उभ्या.

“वैनी, तुमी म्हणला व्हता गोळ्या येतायत,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “तुमच्यावर इसंबून पाण्यात पाय घातला तिनं.”

वनिताताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. चारशे गोळ्या अजून कपाटातच होत्या. त्यांनी तेवढं जरी सांगितलं असतं, तरी त्या वाडीतून मला धड चालत खाली येता आलं नसतं.

“माजंच चुकलं, भावजी,” त्या म्हणाल्या.

धनाजीने आत बघून सायबांना पाणी द्या म्हणून सांगितलं. मंगलच्या थोरल्या मुलीने तांब्या आणला, आणि मी ते पाणी प्यालो.