जमादारांची उलटी टोपी

"आधी बसा. टोपी खाली हाय."

चौकीत कुणी रागानं लाल होऊन शिरलं, की आमचे जमादार डोक्यावरची टोपी काढत, टेबलावर उलटी ठेवत आणि एवढंच म्हणत. टोपी डोक्यावर असली तर समोर पोलीस, खाली असली तर शेजारी. खाली असताना बोललेलं कागदावर यायचं नाही. विट्यातली निम्मी भांडणं त्या उलट्या टोपीसमोरच मिटायची.

सांगली जिल्ह्याचं नाव तेव्हा नवं होतं. चौकीच्या पाटीवर अजून 'दक्षिण सातारा'च होतं. बाजारात चोऱ्या आणि स्टँडवर पोरींच्या वाटेत टवाळखोर वाढले, तेव्हा जमादारांनी पेठेची कमिटी काढली. हायस्कूलचे हेडमास्तर, तालमीचे वस्ताद, दोन-चार दुकानदार आणि मी सायकलवाला. बैठक माझ्या दुकानात, कारण बाकडी माझ्याकडे होती. माझं तोंड फाटकं, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

वस्तादांनी स्टँडवर दोन पैलवान नुसते उभे केले. आठवड्यात सगळे टवाळखोर अभ्यासाला लागले. राहिल्या बाजारच्या दिवशी चोरीला जाणाऱ्या सायकली. त्या सगळ्या माझ्या दुकानापुढं लावायच्या आणि राखणदार ठेवायचा, असं ठरलं.

"गुलाबला ठेवू," जमादार म्हणाले.

गुलाब माळावरच्या पालांत राहायचा, केरसुण्या विकायचा. गावात काही गेलं की शिपाई आधी त्या पालांवर जात. त्याच्या बापाला रोज चौकीत हजेरी द्यावी लागे. जन्मानंच चोर ठरवणारा तो इंग्रजांचा कायदा गेला होता, गावाचा संशय गेला नव्हता. माझाही.

"जमादार, डोकं ठिकाणावर हाय का?"

"हाय की. तुमी त्याला कवा चोरताना बघितलंय?"

"बघितलं न्हाई, पण..."

"मग झालं तर."

गुलाबला अक्षर येत नव्हतं. त्यानं केरसुणीच्या शिंदीच्या पात्यांना जोडीजोडीनं गाठी मारल्या. एक हँडलला, तिची जोडीदार मालकाच्या हातात. प्रत्येक जोडीची गाठ वेगळी. गाठ जुळली तरच सायकल सुटायची. चार-पाच बाजार झाले, एकही सायकल गेली नाही.

मग एका बाजारी हेडमास्तरांचीच गेली.

"मी म्हटलंच हुतं," सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा मी ओरडलो. माणसं जमली. कुणी गुलाबची गचांडी धरली, कुणी पालं उठवायची भाषा केली. गुलाब एकच सांगत होता, "मी पाणी प्यायला गेलतो. तवा आण्णा हुतं हितं." आण्णा म्हणजे मी. त्यावर मी त्याच्या कानाखाली वाजवली.

जमादार गर्दीतून पुढं आले. टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"फुडच्या बाजारापतोर सायकल न्हाई मिळाली, तर ही मी परत मागणार न्हाई. मग पालांचं काय ते तुमी ठरवा. तवर कुणी माळावर पाय ठेवायचा न्हाई."

आठ दिवस जमादार गावातून बोडक्यानं हिंडले. आमच्याकडे घरातलं कुणी गेलं तरच माणूस तसा हिंडतो. फौजदारांनी त्यांना चांगलंच झापलं म्हणे. टोपी माझ्या दुकानात खुंटीवर होती. मी तिच्याकडे पाठ करून जेवायचो, पण हट्ट सोडत नव्हतो.

पुढच्या बाजारी एक म्हातारा शेतकरी हेडमास्तरांची हिरवी सायकल ढकलत आला. हँडलला शिंदीची गाठ.

"आवं सायकलवालं, ही माझी न्हवं. हिची घंटी वाजती."

"मग नेली कशी?"

"तुमीच काढून दिली की. मी गाठ फुडं केली, तर तुमी म्हणला, असू द्या गाठबीठ, हिरवीच न्हवं का? घ्या अन् निघा."

रंगाचा डबा माझ्याकडे एकच होता, आणि निम्म्या गावाच्या आणि माझ्या भाड्याच्या सायकली मी त्यातच रंगवल्या होत्या. म्हाताऱ्याची सायकल आठ दिवस माझ्याच भाड्याच्या सायकलींत उभी होती. त्या संध्याकाळी ती माझीच समजून मी आत ओढली होती, आणि तिची गाठ उपटून फेकली होती.

टोपी घेऊन मी चौकीत गेलो. जमादारांनी हात पुढं केला नाही.

"माझ्याकडं काय आलाय? आधी माळावर जावा."

गेलो. गुलाब पालापुढं केरसुणी बांधत होता. मी हात जोडले. त्यानं केरसुणीची गाठ आवळली. मग मान खाली घालूनच म्हणाला, "फुडच्या बाजाराला मी पाणी बरूबर घिऊन येतो, आण्णा."

मला लाज वाटली. अजून वाटते.

वर्षभरानं जमादारांची बदली शिरवळला झाली. जाताना ते ट्रंकेवर बसून चहा प्याले, आणि गुलाबनं दिलेली केरसुणी काखेत मारून एसटीत चढले. परत भेट झाली नाही.

महिन्याभरात पेठेत एकाच्या घरातनं तांब्याची घागर गेली. नव्या जमादारांनी कमिटीला चौकीत बोलावलं. ते काठी घेऊन उभेच होते, दारात दोन शिपाई तयार.

"माळावरनं सुरवात करू. काय आण्णा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि त्यांच्या टेबलावर उलटी ठेवली.

"आधी बसा," मी म्हणालो.