वीराचा टाक आणि नेपल्सच्या म्हाताऱ्या

मी गाव सोडलं तेव्हा आई कमानीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. कमानीवर दादाचं नाव आहे, त्याआधी 'हुतात्मा' असं कोरलंय. चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, माझी बॅग गाडीत टाकली. आई खांबाला टेकून एवढंच म्हणाली, "पोचलीस की कळीव." कोरेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मागं बघितलं नाही. एक पोरगं सरहद्दीवरून आलं नव्हतं, पोरगी विमानात बसायला निघाली होती. मागं काय दिसलं असतं ते मला माहीत होतं.

मिरजेला माझ्याबरोबर नर्सिंग केलेल्या मुली कुणी आखातात गेल्या, कुणी आयर्लंडला. मी इटलीत, नेपल्सला आले. इथं एका सिन्योराची देखभाल करते. बाई ऐंशीच्या पुढची, पाय कामातून गेलेले. तिला उचलायचं, अंघोळ घालायची, इन्सुलिन द्यायचं, पास्ता भरवायचा. गावाकडच्यांनो, तुम्हाला फोटोत समुद्र दिसतो. समुद्र आहेच, पण माझी धरलेली कंबर फोटोत येत नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको, तेही कुठल्या तरी जिन्यावर धापा टाकत असतीलच.

घरी फोन लावला की विषय एकच. आमच्यात घरचा माणूस लढाईत पडला की त्याचा टाक करतात, म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावर ठसवलेली मूर्ती. ती देव्हाऱ्यात बसवली की तो घरचा वीर झाला, त्याची पूजा सुरू. दादाचा टाक आई करू देईना. म्हैस दगावली, बोअर आटलं, चुलतभावाचं ठरलेलं लग्न मोडलं. भावकीनं सगळं दादावर ढकललं. तात्या म्हणायचे, "आगं, त्यो जागा मागतोय. तुज्या आईला समजीव. ती आमचं ऐकत न्हाई."

मागून आईचा आवाज यायचा. "देव केला म्हंजी हात जोडायचं आन गप बसायचं. सुट्टीला येतो म्हनलास आन आला न्हाईस, आसं देवाला कोन इचारणार? मला त्येला लय बोलायचंय अजून."

मी काय समजावणार? कधी आईचं पटायचं, कधी वाटायचं, दादा खरंच उंबऱ्याबाहेर ताटकळत उभा आहे. दिवसभर दुसऱ्याची आई उचलून स्वतःच्या आईला सांगण्याएवढं त्राण उरायचं नाही.

नेपल्सचे लोक ज्या संताला मानतात तोही हुतात्माच. रोमन बादशहांच्या काळात ख्रिस्ताला सोडत नाही म्हणून त्याची मान उडवली. त्याचं वाळलेलं रक्त काचेच्या कुपीत जपलंय. ठरलेल्या सणाला ते पातळ होतं अशी श्रद्धा, आणि नाही झालं तर शहरावर काहीतरी संकट येणार. गेल्या सणाला सिन्योराची खुर्ची ढकलत मी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये गेले. पुढं म्हाताऱ्या बायका बसलेल्या. त्यांना संताच्या नात्यातल्या मानतात. प्रार्थना झाल्या, गाणी झाली, रक्त काही हलेना. मग एक म्हातारी ओरडली, दुसरीनं साथ दिली. मला वाटलं, जागेवरून भांडण लागलं. मी खुर्ची वळवली तर सिन्योरानं माझ्या हातावर फटका मारला आणि वेदीजवळच्या संताच्या सोनेरी मुखवट्याकडं बघत स्वतःच ओरडायला लागली, "ए पिवळ्या तोंडाच्या, किती वाट बघायला लावतोस!" बिशप समोर उभे होते, पण कुणी कुणाला अडवलं नाही. ज्याची हाडं वेदीखाली पुजली जातात त्याला या बायका घरच्या पोरासारखं झापत होत्या. खुर्चीमागं उभी राहून मी रडले.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं.

"एवढ्या मोठ्या देवाला बोलत्यात?"

"हो."

"आन त्यो काय करतो मग?"

"ऐकतो म्हणे. शेवटी पातळ झालं रक्त."

"बघू," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवाळी उरकल्यावर तिनं टाक करायला टाकला. बसवायच्या दिवशी मला दिसावं म्हणून तात्यांनी मोबाइल धरला होता. आईनं टाक दुधानं धुतला, हळदकुंकू लावलं, देव्हाऱ्यात ठेवला. भावकी हात जोडून उभी. आणि आईनं तोंड सोडलं.

"मुडद्या, पेरणीला येतो म्हनला हुतास! कुठं ऱ्हायलास? तुज्या वाटनीची पोळी किती सणं झाकून ठिवली म्या!"

तात्या "वैनी, आवं वैनी" करत राहिले. ती थांबली नाही. घसा बसेपर्यंत बोलली, मग पदरानं तोंड पुसून फोनकडं वळली.

मिरजेच्या वसतिगृहातून एखाद्या सुट्टीला घरी गेले नाही, तर पुढच्या वेळी आई मला एसटी स्टँडवरच फाडून खायची. आता तर कित्येक वर्षं घरी गेले नव्हते. वाटलं, आता माझी पाळी. भीती नव्हती, मला ते हवं होतं.

"तुजा कामाचा येळ मोडला आसंल," आई म्हणाली. "जेवलीस का गं? जपून ऱ्हा." लग्नाला आलेल्या लांबच्या माणसांशी ती बोलते, त्या हळू आवाजात.

जेवले, म्हणाले. दादा घरी परतला होता. पाहुणी मी होते.