फोटोत स्वयंसेवक दिसला पाहिजे

किस्से जमवायला काही लागत नाही हो, खुर्ची लागते! आमच्या संस्थेच्या वाशीमच्या ऑफिसात माझ्या खुर्चीवर कोणीही बसलं असतं, तरी पोतंभर जमले असते. अडचण एकच, ते सांगायला इथे कोणी नाही. दोघं सहकारी होते, ते पुण्याला गेले. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही सापडलात, तर ऐका.

काम असं. घरातली माणसं कामासाठी बाहेरगावी गेली, की मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आमचे स्वयंसेवक भेटतात. गोळ्या देतात, गप्पा मारतात. प्रत्येकाचा मोबाइलवर ई-पोर्टफोलिओ असतो, त्यात भेटींचे फोटो आणि 'मी काय शिकलो' याची व्हॉइस नोट. मी ते तपासायचं, मग सर्टिफिकेट.

*

मेडशीच्या गजाननभाऊंनी 'तुमचं सर्वोत्तम काम' या रकान्यात पोरीच्या लग्नाचे फोटो टाकले. वरात, पंगत, सगळं! मी फोन लावला, "भाऊ, हे काय?"

"सर, चार वर्षं स्थळं पाहून राह्यलो होतो. याच्याहून चांगलं काम माह्या हातून झालंच नाही!"

रिजेक्ट केलं. पण फोटो दोनदा पाहिले. पंगतीत वांग्याची भाजी होती.

*

केनवडच्या सुनीताताई. व्हॉइस नोट दोन मिनिटांची हवी, यांची पाऊण तास! मधे कुकरच्या शिट्ट्या, मग सासूबाईंचा आवाज, "काहून वं, एकटीच कोनाशी बोलून राह्यली?" शेवटी ताई म्हणतात, "सर, तुमी एवढं ऐकत नसान, पन मले बरं वाटलं."

ऐकलं ना! पूर्ण ऐकलं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना पुन्हा लावलं.

*

हेड ऑफिसच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल. "सर, मागे कोणीच दिसत नाही. आज सुट्टी आहे का?"

"नाही मॅडम, फुल स्टाफ हजर आहे!"

*

आता जमुना. मानोऱ्याकडची. शेजारच्या तांड्यावर सोमलीआजीला भेटायला चालत जाते. तिच्या पोर्टफोलिओत आजी गोळी घेताना, आजी भाकर खाताना, आजी उन्हात. जमुना कुठेच नाही! नियम असा, की फोटोत स्वयंसेवक दिसला पाहिजे, आणि सेल्फी चालणार नाही. कोणी केला देव जाणे, पण राबवतो मी. दोनदा रिजेक्ट केलं. तिसऱ्यांदा केलं असतं तर सर्टिफिकेट गेलं असतं, आणि सर्टिफिकेट नसलेल्यांच्या भेटी संस्था बंद करणार होती. आजीकडे जाणारं दुसरं कोणी नव्हतं.

जमुनाचा फोन आला. "सर, फोटो काढाले मानूस कुठून आनू? सारा तांडा ऊसतोडीले गेला. राह्यले ते म्हतारे."

"मग आजीलाच शिकवा!" मी चिडून म्हणालो. चिडून हं, आयडिया म्हणून नाही.

तर तिने खरंच शिकवलं! आठवडाभर व्हॉट्सॲपवर फोटो येत राहिले. नुसता अंगठा. घराचे पत्रे. शेळीचे पाय. सकाळी ऑफिस उघडलं की मी आधी तेच बघायचो. अंगठा दिसला की त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने हसायचो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, एक फोटो आला. थोडा वाकडा, जमुनाचा एक कान कापलेला. पण जमुना होती! हातात गोळ्यांचं पाकीट, आणि हसत होती. मी 'मंजूर' दाबलं आणि लगेच जमुनाला फोन लावला. उचलला आजीनेच.

"आजी, फोटो छान आला. जमुनाला सर्टिफिकेट मिळालं."

"मंग जमुना येत जाईन ना आता?"

"येत जाईल, आजी."

आजी म्हणाली, "सायेब, तुमचाबी एक फोटो पाठवा ना. हाय ना तिथं कोनी काढाले?"